लहान मुलाची तक्रार



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. माणूस ज्या दुकानात बसतो त्याच दुकानाचा माल त्याच्याकडे मागावा, ही जगाची रीतच आहे. मी त्यांना विषय कळवला, 'लहान मुलाची तक्रार'. ते म्हणाले, "म्हणजे बालमजुरीवर बोलणार तर!" मी म्हटले, "नाही. बालवाडीत जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाविषयी बोलणार आहे." ते क्षणभर थांबले आणि भिडस्तपणे त्यांनी विषय टिपून घेतला.

मी मानसशास्त्र शिकलेलो नाही. शाळेचे म्हणाल तर, १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, त्या वर्षी मी सातवीत होतो. वर्षअखेर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही वाचले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, आणि इंग्रजी वाचले ते शेजारी शब्दकोश ठेवून. म्हणून मी आज जे सांगणार आहे ते पंडिताचे मत नव्हे. एका माणसाने आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि घरातली पहिली तक्रार त्याला ऐकता आली नाही, त्याची ही हकीगत आहे.

आमची नात त्या वेळी साडेतीन वर्षांची होती. मुलगा कारखान्यात पहिल्या पाळीला आणि सूनबाई पॅकिंग खात्यात. त्यामुळे पोर सकाळी दहापासून तीनपर्यंत एका खाजगी बालवाडीत असे. दिवाळीनंतर तिला तेथून काढून घराजवळच्या दुसऱ्या बालवाडीत घातले. कारण अगदी साधे होते. नवी बालवाडी जवळ होती आणि तिची फी थोडी कमी होती. नव्या ठिकाणी ती रमली. गाणी म्हणू लागली, डबा संपवू लागली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

पण पंधरा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या बालवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी आहे. रिक्षा त्या कोपऱ्यावर आली की पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसे. दोनदा तिचे कपडे ओले झाले. रात्री दोनच्या सुमारास ती उठून बसे आणि म्हणे, "दार उघडं ठेव." आणि दुपारी ती एक खेळ खेळे. स्वयंपाकघरातल्या वाट्या आणि पळी घेऊन ती खाटेखाली ओळीने मांडी, त्यांच्यावर चादर घाली आणि तोंडावर बोट ठेवून म्हणे, "गप्प!" मग तेथेच बसून राही. रोज तोच खेळ, त्याच क्रमाने. मुले खेळताना हसतात, भांडतात, मध्येच खेळ बदलतात. ही हसत नसे आणि खेळही बदलत नसे.

मी काय केले? पहिला महिना मी काहीच केले नाही. "लहान आहे, विसरेल," असे म्हटले. ती जागा सुटली, ती बालवाडी संपली, आता रडायचे कारण काय?

येथेच माझी पहिली चूक झाली, आणि ती बहुतेक घरांत होते. आपल्या लेखी ती बालवाडी 'पूर्वीची' असते. पूर्वीचे, आताचे, पुढचे असे कप्पे मोठ्या माणसाच्या डोक्यात असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते अजून नीट झालेले नसतात. त्याला 'काल' म्हणजे मागचा कोणताही दिवस. तिच्या लेखी ती बालवाडी मागे पडलेली नव्हती. ती गिरणीच्या कोपऱ्यावर रोज उभी होती. एके दिवशी काही न सांगता आम्ही तिला तेथून उचलले होते. तसेच एके दिवशी काही न सांगता पुन्हा तेथे ठेवणार नाही कशावरून? तुम्ही आम्हांला समजावून न सांगता केलेला बदल ही चांगली बातमी असली, तरी तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न मुलाला पडत असला पाहिजे. कारखान्यात खाते बदलले की कामगारालाही हाच प्रश्न पडतो.

मोठ्यांचे कप्पे तरी कितीसे पक्के असतात? माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. संपानंतर ती गिरणी पुन्हा धड चालली नाही. वडील पुढे वीस वर्षे जगले. पण त्या गिरणीच्या दरवाजावरून ते कधी गेले नाहीत. बाजारात जायचे तर मागच्या गल्लीने लांबचा वळसा घेत. आम्हां पोरांना वाटे, त्यांना चालायची हौस आहे. भोंगा बंद पडला होता, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठून बसत. त्यांना 'आता विसरा' असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. मग साडेतीन वर्षांच्या पोरीला ते म्हणायला मला लाज कशी वाटली नाही?

आता दुसरी चूक सांगतो. ती पहिलीपेक्षा मोठी आहे. एका रात्री पोर ओरडत उठली आणि माझे डोके फिरले. सकाळी मी तिला समोर बसवले आणि विचारले, "तिथल्या बाईंनी मारलं का गं तुला?"

ती म्हणाली, "हो."

"मोठ्या बाईंनी?"

"हो."

"काठीनं मारलं?"

"हो."

मी चपला घातल्या. आमच्या कार्यालयात चार माणसे बसलेली असतात. त्यांना घेऊन बालवाडीवर जायचे आणि तेथे काय बोलायचे, हे सगळे माझ्या मनात तयार झाले. मोर्चा काढणे हा आमच्या हाताचा मळ आहे. आमच्या सौभाग्यवती दाराशी उभ्या होत्या. त्या चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी पोरीला जवळ घेतले आणि अगदी माझ्याच स्वरात विचारले, "आबांनी मारलं का गं तुला?"

ती म्हणाली, "हो."

"काठीनं?"

"हो."

मंडळी, मी त्या पोरीवर कधी बोटही उचललेले नाही. मी चपला काढल्या आणि खाली बसलो.

आणि मग मला माझीच शरम वाटली. खातेनिहाय चौकशी कशी चालते ते येथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. चौकशी अधिकारी साक्षीदाराला विचारतो, "आरोपीने साहेबांना शिवी दिली, हे खरे ना?" तीस वर्षे मी अशा खोल्यांत उभा राहून सांगत आलो की, साहेब, साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नका. काय झाले, एवढेच विचारा. आणि घरी, माझ्या मांडीएवढ्या साक्षीदाराच्या तोंडात मी तीन उत्तरे घातली होती. मूल खोटे बोलत नव्हते. आबांचा चेहरा लाल झाला आहे, आबांना काहीतरी हवे आहे, आणि ते 'हो' म्हटले की मिळते, एवढे त्याला कळले होते. ते देऊन ते मोकळे झाले.

पुढे मी या गोष्टीविषयी वाचले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॅनहॅटन बीच या गावी १९८३ साली एका बालशाळेवर एका आईने भयंकर आरोप केला. तपास करणाऱ्यांनी शेकडो मुलांना विचारले, आणि विचारताना उत्तरेही सुचवली. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी दिवसेंदिवस चमत्कारिक होत गेल्या. खटला १९९० सालापर्यंत चालला. अखेर एकही माणूस दोषी ठरला नाही. एका तरुण शिक्षकाची पाच वर्षे तोपर्यंत तुरुंगात गेली होती. त्या मुलांपैकी कोणाला खरोखर काही दुःख असेल, तर ते या गदारोळात कायमचे बुजले. १९९५ साली दोन अमेरिकन संशोधकांनी याचा प्रयोगच प्रसिद्ध केला. एक पाहुणा बालवर्गात दोन मिनिटे येऊन गेला आणि त्याने कशालाही हात लावला नाही. पण ज्या मुलांना आधी 'तो धांदरट आहे' असे सांगून ठेवले होते, आणि नंतर सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले होते, त्यांतल्या पुष्कळ लहानग्यांनी त्याने पुस्तक फाडल्याचे किंवा अस्वल खराब केल्याचे सांगितले. ज्यांना काही सुचवले नव्हते, त्यांनी असे क्वचितच सांगितले. याचा अर्थ लहान मुलाच्या साक्षीला किंमत नाही असा नव्हे. मूल आपल्या मनाने जे बोलते ते मोलाचे असते. आपण त्यात भर घातली की मोल जाते.

मग आम्ही विचारणे बंद केले. रात्री दार उघडे ठेवू लागलो. कोपऱ्यावर रिक्षा येण्याआधीच सूनबाई सांगू लागली, "आता गिरणी येईल. आपण पुढं जाणार आहोत. तिथं उतरायचं नाही." आणि दुपारी मी तिच्या खेळाशेजारी जाऊन बसू लागलो. मी वर्तमानपत्र वाचत असे, ती वाट्या मांडत असे. आठवड्याभराने ती म्हणाली, "आबा, तू भांडं हो."

पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी मी खाटेखाली शिरलो. तिने माझ्यावर चादर घातली. "गप्प!" म्हणाली. मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने मी नुसते म्हटले, "इथं अंधार आहे."

चादरीबाहेरून आवाज आला, "रडू नको. रडलास तर दार लावीन."

मी म्हटले, "दार लावलं की काय होतं?"

"मग मम्मी येते ना, तेव्हा उघडायचं."

एवढेच. मारणे नव्हते, काठी नव्हती. एक दार होते.

मुलांच्या अशा खेळाचा अभ्यास झालेला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातच चौचिला या गावी शाळेची बस सव्वीस मुलांसह पळवून नेऊन त्या मुलांना जमिनीखाली कोंडण्यात आले होते. मुले सगळी सुखरूप सुटली. लेनोर टेर या डॉक्टरबाईंनी त्या मुलांना नंतर पुष्कळ काळ पाहिले. त्यांना दिसले की भेदरलेले मूल त्याच त्या गोष्टीचा खेळ पुन्हा पुन्हा खेळते आणि त्या खेळात आनंद नसतो. ज्याला शब्द सापडत नाहीत तो हातांनी सांगतो. आमच्या धंद्यात हे नवे नाही. कामगार लेखी तक्रार देत नाही. तो रजा टाकतो, यंत्र हळू चालवतो, जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो. जाणता कार्यकर्ता हे वाचतो. मीही खात्याखात्यातले वाचत होतो. माझ्या खाटेखालचे मात्र वाचले नव्हते.

आता मी चार माणसे न घेता एकटाच गेलो, आणि बालवाडीत न जाता तेथल्या मदतनीस बाईंच्या घरी गेलो. मुले त्यांना मावशी म्हणत. त्या मला ओळखत होत्या. अंगणवाडी सेविकांच्या सभेला एकदा येऊन मागे बसल्या होत्या. मी म्हटले, "मावशी, मी भांडायला आलो नाही. माझ्या नातीला दाराची भीती वाटते. तुम्हांला काही ठाऊक असलं तर सांगा."

त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार मीच ओढायची."

हकीगत अशी होती. एक खोली, चौतीस मुले, एक शिकवणाऱ्या बाई आणि या एक. दुपारी एकला मुलांना निजवायचे. नवे पालक प्रवेशासाठी त्याच वेळेला येत, तेव्हा आवाज चालत नसे. जे मूल रडे त्याला मागच्या खोलीत, जेथे सतरंज्या आणि पोती ठेवलेली असत, तेथे बसवायचे आणि दार ओढून घ्यायचे, असा चालिकाबाईंचा हुकूम होता. पाच मिनिटे, कधी दहा, तर कधी विसरलेच. मावशींना महिन्याला साडेतीन हजार रुपये मिळत. त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं असतं तर दुसरी कोणी ओढलं असतं. मी ओढलं तर निदान फट ठेवायची." आणि त्या रडल्या. तुमची पोर त्या फटीतून बोट बाहेर काढून ठेवायची, असे त्यांनी सांगितले.

भगिनींनो आणि बंधूंनो, या ठिकाणी माझ्यासारख्या माणसाची मोठी पंचाईत होते. एका बाजूला माझी नात. दुसऱ्या बाजूला साडेतीन हजारांवर राबणारी बाई, आणि जन्मभर अशाच बायांची बाजू घेईन अशी मी शपथ घेतलेली. 'ती बिचारी गरीब आहे' असे म्हणून मुलीचे भय झाकता येत नाही. आणि 'हिनेच दार ओढले' असे म्हणून सारा दोष तिच्या माथी मारला, तर तो हुकूम, ती एक खोली आणि ती चौतीस मुले सुखरूप राहतात. मला दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागल्या. दार ओढणे चूक होते, आणि ती चूक एकट्या हाताची नव्हती.

आम्ही सहा आया आणि दोन बाप मिळून चालिकाबाईंना भेटलो. मी आरडाओरड केली नाही. तीनच मागण्या ठेवल्या. मागच्या खोलीचे दार काढा, आणखी एक मदतनीस ठेवा आणि या प्रकरणात कोणाला कामावरून काढू नका. दार आठ दिवसांत निघाले. दुसरी बाई आली. आणि पुढच्या महिन्यात मावशींना 'वयामुळे काम झेपत नाही' असे सांगून घरी पाठवण्यात आले. लेखी नेमणूक नव्हती, हजेरीपट नव्हता. मी पुष्कळ धडपड केली आणि हरलो. यशाच्या गोष्टी सांगायला आपण सगळे तयार असतो, म्हणून ही हार मुद्दाम सांगतो.

पण गोष्ट येथे संपली नाही. आमच्याच संघटनेतल्या एका फिटरचा चार वर्षांचा मुलगा त्याच बालवाडीत होता. आमची हकीगत ऐकून त्याने मुलाला तेथून काढले. आणि आता तो मुलगा त्या गल्लीशी आला की रडू लागला. बाप माझ्याकडे धावत आला. "दादा, माझ्याही पोराला कोंडलं असणार!" मी म्हटले, "काही विचारू नकोस. तो काय म्हणतो तेवढे ऐक." दोन दिवसांनी मुलगा फाटकाकडे बोट दाखवून आपणहून म्हणाला, "मावशी कुठाय?" त्याला भय नव्हतेच. त्याची मावशी नाहीशी झाली होती आणि ती कोठे गेली हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला मावशींच्या घरी नेले. तो त्यांच्या मांडीवर बसला, त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा खाल्ला, त्यांच्या बांगड्या मोजल्या. नंतर तो त्या गल्लीत रडला नाही.

एकच गल्ली, एकच रडणे, एकच बाई. एका मुलाला ती दार ओढणारी, दुसऱ्याला ती पाठीवर हात फिरवणारी. आणि दोन्ही मुले खरी. म्हणून मी म्हणतो, मूल जुन्या बालवाडीच्या नावाने रडले की 'तेथे छळ झाला' असा निकाल देऊ नये, आणि 'काही नाही, नाटक करते' असाही देऊ नये. भय असेल, विरह असेल, किंवा आपल्यालाच न सुचलेले तिसरे काही असेल.

या कामात मला ज्यांचा आधार वाटला, त्यांतल्या एका माणसाची ओळख करून देतो. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडमधल्या कामगार घरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये अॅना फ्रॉइड यांनी मुलांसाठी जी पाळणाघरे चालवली, तेथे तो बॉयलर सांभाळायला आणि किरकोळ दुरुस्तीला म्हणून लागला. त्या बाईंचा एक सुंदर नियम होता. संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही कामावर असो, मुलांत जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवायचे. हा बॉयलरवालाही लिहू लागला. पुढे १९५२ साली त्याने दोन-अडीच वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. ती आठ दिवस इस्पितळात आईविना राहिली होती. त्या काळी आईबापांना भेटायला फारसे येऊ देत नसत. मूल पहिले काही दिवस रडे, मग गप्प होई, आणि परिचारिका म्हणत, "रुळले." रॉबर्टसनने दाखवून दिले की ते रुळणे नव्हे, ती आशा सोडणे होय. डॉक्टर मंडळी त्याच्यावर रागावली. परंतु १९५९ साली इंग्लंडमधल्या सरकारी समितीने आईबापांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. गप्प मूल म्हणजे सुखी मूल नव्हे. गप्प खाते म्हणजे समाधानी खाते नव्हे, हे मालकांना समजायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ हे समजायला लागला.

आणि लंडनला तरी कशाला जायचे? आपल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना त्यांची. मुलाला गप्प करून आपल्याजवळ बसवण्याऐवजी आपणच उठून मूल असेल तेथे जायचे, हे त्या कल्पनेचे मर्म मला वाटते. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचले, मर्म किती पोचले, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत जाऊन पाहावे.

कारण हा प्रश्न अखेर माझ्या धंद्यापाशीच येतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती. १९७६ साली पन्नासचे तीस झाले. मी अशा कारखान्यांत गेलो आहे, जेथे हजेरीपटावर स्त्रिया नेमक्या एकोणतीस असत. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा होऊन पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर आले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आली. पण माझ्या सुनेसारखी कंत्राटी बाई कोणाच्या हजेरीपटावर धरायची, हा घोळ कायम. म्हणून पोर गिरणीमागच्या एका खोलीत जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्याला आणि मानसिक त्रास देण्याला मनाई केली. परंतु तो हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. सहाच्या आतल्यांच्या शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल', असा तेथे शब्द आहे. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक माणूस असावा असे म्हटले आहे. चौतीस मुलांमागे दोन बाया म्हणजे कागदावर ते प्रमाण बसतेच! पण त्या दोघींपैकी एक शिकवण्यात, आणि दुसरीला झाडणे, डबे भरवणे, नाके पुसणे, शिवाय आलेल्या पालकांना चहा. दार ओढले जाते ते अशा वेळी.

अंगणवाडीच्या बाया तरी रस्त्यावर येऊ शकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्यांचा मोठा संप झाला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. खाजगी बालवाडीतल्या मावशीला यांतले काहीच नाही. जिच्या मांडीवर आपले मूल झोपते, तिला नेमणुकीचा कागदसुद्धा नाही. तिच्या हक्कासाठी बोलणे आणि मुलाच्या भयासाठी बोलणे ही दोन कामे मला आता वेगळी वाटत नाहीत. जिला 'नाही' म्हणता येते, तीच हुकूम झाला तरी दार उघडे ठेवू शकेल.

आता घरच्यांसाठी चार शब्द, आणि मी संपवतो. मूल जुन्या जागेला भ्याले तर त्याला खोटे पाडू नका. प्रश्नांचा मारा करू नका. "काय झालं ते सांग" एवढेच म्हणा, आणि नाही सांगितले तर शेजारी बसा. जे ते आपणहून बोलेल ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. बदल होण्याआधी सांगा आणि बदल झाल्यावर निरोप घेऊ द्या. बालवाडी सोडताना तेथल्या बाईंना, मावशींना, झोपाळ्याला 'येतो' म्हणू द्या. पण अंगावर खुणा दिसल्या, लाजेच्या जागी दुखते असे मूल म्हणाले, कोणी अयोग्य स्पर्श केल्याचा संशय आला, तर मात्र वाट पाहू नका आणि स्वतः तपास करत बसू नका. डॉक्टर गाठा, १०९८ या क्रमांकावर कळवा. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा असेही त्यात आहे. कायदा करणाऱ्याला एवढे कळले की मुलापुढे टोपी-पट्टा काढून बसावे. आपणही आपला राग आणि आपले आबापण बाजूला काढून ठेवून बसावे.

माझ्या नातीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मागच्या महिन्यात, एका रविवारी, ती माझे बोट धरून त्या गल्लीत आली. तिनेच तसे म्हटले होते. बालवाडी बंद होती. जाळीच्या खिडकीतून मागची खोली दिसते. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "दार कुठंय?" मी म्हटले, "काढून टाकलं." ती म्हणाली, "कुणी?" मी म्हटले, "तुझ्या मम्मीनं आणि बाकीच्या मम्मींनी सांगितलं, म्हणून काढलं." तिने मान हलवली. परतताना गिरणीपाशी तिने खांद्यावर घ्यायला सांगितले, ते मी घेतले. रात्रीचे दार आम्ही अजून उघडेच ठेवतो. मावशींकडे तिला न्यावे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. ती म्हणेल तेव्हा नेईन. वाट्या अजूनही कधी कधी खाटेखाली जातात. मात्र हल्ली खेळ संपला की ती चादर ओढते आणि एकेक वाटी स्वतः बाहेर काढते.

 श्रोत्यांत काही लहान मुलेही आहेत आणि मघापासून त्यांतले एक रडते आहे. कृपा करून त्याला बाहेर नेऊ नका. मीच थांबतो.